टाचणीच्या माथ्याएवढं विरजण

दुधाला विरजण किती लावायचं, हे आपल्या घरात कुणी मोजून सांगत नाही. थंडीत जरा जास्त, उन्हाळ्यात थेंबभर, एवढंच. कमी पडलं तर दही उशिरा लागतं, पण लागतं. त्यामुळे विरजणाच्या प्रमाणावरून युरोपातले दोन थोर शास्त्रज्ञ एकमेकांना जवळजवळ खोटं ठरवायला निघाले होते, असं मला विद्यार्थिदशेत कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. त्यांचं विरजण दह्याचं नव्हतं, यीस्टचं होतं. ज्या यीस्टनं आपला पाव फुगतो, तेच. त्या भांडणाची गोष्ट मला आज सांगायची आहे. पण तिच्याकडे मी पुस्तकातून गेले नाही, माझ्या एका चुकीतून गेले. म्हणून आधी ती चूक सांगते.

साल १९७३. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. गाव साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं. हंगाम सुरू झाला की वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस-गोड वास वर्गात यायचा. प्रात्यक्षिक सोपं होतं: साखर, अमोनियम सल्फेट, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि चिमूटभर इतर क्षार एवढंच असलेल्या पाण्यात यीस्ट वाढवायचं आणि वाढ मोजायची. मी बेकरीतून यीस्टची वडी आणली. आमच्या सरांनी स्वच्छतेची शिस्त लावलेली. म्हणून ते यीस्ट निर्जंतुक पाण्यानं तीन वेळा धुतलं, पातळ केलं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या आणि प्रत्येक फ्लास्कमध्ये अंदाजे पाचशेच पेशी जातील एवढा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी फ्लास्क स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही पाण्यासारखे नितळ.

आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. काचसामान धुणं, ऑटोक्लेव्ह लावणं ही कामं त्यांची. माझ्या धुतलेल्या यीस्टचा नळीच्या तळाशी उरलेला गाळ त्यांनी टाकून दिला नाही. त्याच द्रावणाचा एक जादा फ्लास्क उरला होता, त्यात ओतला आणि फळीवर ठेवला. का, तर ‘वाया कशाला घालवायचं’. तो फ्लास्क दुसऱ्याच दिवशी फसफसत होता. मी त्यातला थेंब काचपट्टीवर घेतला. पेशी कितीतरी पटींनी वाढल्या होत्या, जागोजाग कळ्या फुटत होत्या.

सरांनी माझ्या जर्नलवर लाल शाईत शेरा मारला, ‘काळजीपूर्वक काम करावे.’ मी चिडले. तेच द्रावण, तेच यीस्ट. माझ्याकडे वाढ शून्य आणि मामांकडे फेस! मी मामांना विचारलं, ‘मामा, खरं सांगा, यात काही घातलंत का? माल्ट, गूळ, काही?’ ते म्हणाले, ‘नाही हो ताई, उरलेलं ओतलं फक्त.’ माझा विश्वास बसला नाही आणि तो बसला नाही हे मी लपवलंही नाही. सरांना जाऊन सांगितलं की मामा प्रयोगाच्या सामानाला हात लावतात. त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे आज कबूल करायला हवं.

आता एकोणिसाव्या शतकाकडे जाऊ.

त्या शतकाच्या मध्यावर यीस्ट म्हणजे काय, हाच वाद होता. जर्मनीतले युस्टुस फॉन लीबिग हे रसायनशास्त्रातलं त्या काळचं सर्वांत वजनदार नाव. त्यांचं म्हणणं असं, की साखरेची दारू होणं ही निव्वळ रासायनिक घटना आहे. यीस्ट म्हणजे कुजत चाललेला नायट्रोजनयुक्त पदार्थ, आणि त्याच्या कुजण्याची हालचाल साखरेला लागते म्हणून साखर फुटते. यीस्ट सजीव आहे असं म्हणणाऱ्यांची त्यांनी खिल्लीही उडवली होती. लीबिग स्वतः ज्या नियतकालिकाचे संपादक होते, त्यात १८३९ मध्ये एक निनावी लेख आला. तो त्यांचा आणि त्यांचे मित्र वोलर यांचा. त्यात यीस्टचे बारीक प्राणी साखर खातात आणि एकीकडून दारू, दुसरीकडून वायू सोडतात, असं भरपूर वात्रट वर्णन होतं. शास्त्रीय मासिकात असा मजकूर आज छापून येणार नाही. वाईट वाटतं.

फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी उलट बाजू घेतली: यीस्ट जिवंत आहे, आणि ते जगतं, वाढतं म्हणूनच साखर आंबते. हे दाखवण्यासाठी १८६० मध्ये त्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो दिसायला साधा आणि परिणामानं जबरदस्त होता. शुद्ध खडीसाखर, अमोनियाचा एक क्षार आणि यीस्ट जाळून उरलेली राख. बस, एवढंच पाण्यात. कुजण्यासारखा कसलाही प्रथिनयुक्त पदार्थ त्यात नाही. त्यात त्यांनी टाचणीच्या माथ्याएवढं ताजं यीस्ट टाकलं. द्रावण आंबलं, यीस्ट वाढलं. कुजायला काही नसताना किण्वन झालं, म्हणजे लीबिग यांच्या सिद्धान्ताचा पायाच गेला.

लीबिग यांनी उत्तर द्यायला जवळजवळ दहा वर्षं घेतली. उत्तर कडक होतं. पाश्चर यांचा प्रयोग आपण करून पाहिला, तो जमत नाही, यीस्ट त्या द्रावणात वाढतच नाही, असं त्यांनी जाहीर केलं. शास्त्रज्ञाच्या जगात यापेक्षा मोठा घाव नाही. तुमचा तर्क चुकला, असं म्हटलं तर माणूस वाद घालतो. तुम्ही जे पाहिलं म्हणता ते आम्हाला दिसत नाही, असं म्हटलं की प्रामाणिकपणाचाच प्रश्न येतो.

१८७० च्या जुलैमध्ये पाश्चर म्युनिकमधून जात असताना मुद्दाम लीबिग यांना भेटायला गेले. लीबिग सौजन्यानं वागले, पण या विषयावर बोलायला त्यांनी प्रकृतीचं कारण सांगून नकार दिला. त्याच महिन्यात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं. पाश्चर इतके संतापले होते, की बॉन विद्यापीठानं दिलेली सन्माननीय पदवी त्यांनी १८७१ च्या जानेवारीत परत पाठवली. त्याच वर्षी त्यांनी लीबिग यांना जाहीर आव्हान दिलं: फ्रेंच अकादमीनं समिती नेमावी, तिच्यापुढे मी माझ्या खनिज द्रावणात लीबिग म्हणतील तेवढं यीस्ट तयार करून दाखवतो. लीबिग यांनी ते आव्हान उचललं नाही. १८७३ मध्ये ते वारले. इतिहासाच्या पुस्तकात निकाल लागला तो असा: पाश्चर बरोबर, लीबिग हटवादी म्हातारे.

मीही वर्गात अनेक वर्षं हेच शिकवलं.

पण थांबा. लीबिग यांच्या सिद्धान्तात चूक होती, हे खरं. त्यांचं निरीक्षण? एवढा कसलेला प्रयोगकर्ता, ज्याच्या प्रयोगशाळेत निम्म्या युरोपातले रसायनशास्त्रज्ञ तयार झाले, तो साखर, क्षार आणि राख पाण्यात नीट मिसळू शकला नाही, असं मानायचं का? हा प्रश्न तीस वर्षांनी बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या एका तरुणानं गंभीरपणे घेतला. त्याचं नाव यूजीन विल्डियर्स. प्राध्यापक इदे यांच्या प्रयोगशाळेत तो काम करत होता आणि त्याचा शोधनिबंध ‘ला सेल्यूल’ या नियतकालिकात १९०१ मध्ये आला.

विल्डियर्सनं काय केलं, तर फक्त विरजणाचं प्रमाण बदललं. पाश्चर यांच्यासारखंच द्रावण घेतलं. एका बाजूला अगदी थोड्या पेशी टाकल्या, दुसऱ्या बाजूला भरपूर. जिथे थोड्या, तिथे काही नाही. जिथे भरपूर, तिथे वाढ. आता कुणी म्हणेल, थोड्या आहेत म्हणून वेळ लागत असेल. म्हणून त्यानं पुढची पायरी घेतली. थोड्या पेशींच्या फ्लास्कमध्ये उकळून मारलेल्या यीस्टचं गाळलेलं पाणी घातलं. त्या पाण्यात जिवंत पेशी एकही नव्हती. तरीही फ्लास्कमधलं मूठभर यीस्ट जोमानं वाढू लागलं. उकळलेल्या यीस्टच्या जागी त्याच यीस्टची राख घातली तर मात्र उपयोग होत नव्हता. म्हणजे जे काही होतं ते क्षार नव्हतं. जाळलं की नष्ट होणारं, उकळलं तर टिकणारं, पाण्यात विरघळणारं आणि अत्यल्प प्रमाणात पुरणारं असं काहीतरी. विल्डियर्सनं त्याला नाव दिलं ‘बायॉस’. ग्रीक भाषेत बायॉस म्हणजे जीवन.

पाश्चर यांच्या प्रयोगाकडे आता पुन्हा पाहा. टाचणीच्या माथ्याएवढं यीस्ट म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही. पण यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. टाचणीच्या माथ्यावर एखाद-दोन कोटी पेशी सहज मावतात. त्यांतल्या प्रत्येक पेशीच्या पोटात, आणि मेलेल्या पेशींमधून झिरपलेल्या रसात, बायॉसची शिदोरी होती. पाश्चर यांनी कुजणारं सगळं वगळलं, पण विरजणातून ही शिदोरी नकळत आत नेली. शिवाय त्या काळची खडीसाखर आजच्या रसायनांइतकी शुद्ध असणं शक्यच नव्हतं. लीबिग यांच्या हातून विरजण कमी पडलं असेल, किंवा त्यांचे पदार्थ जास्त स्वच्छ असतील. दोघांनीही जे पाहिलं ते खरं सांगितलं होतं. अधिक काटेकोर काम करणाऱ्याच्या हाती अपयश आलं होतं, एवढंच.

विल्डियर्सचा निबंध मी पहिल्यांदा वाचला तो त्याच्या मूळ भाषेत नव्हे. एका जुन्या इंग्रजी आढाव्यात त्याचा सारांश होता. साल १९८८. मी तेव्हा स्वतः शिकवत होते. ग्रंथालयात बसून वाचता वाचता मला नळीच्या तळाशी उरलेला गाळ दिसला. तीन वेळा धुतलेलं यीस्ट, मोजून पाचशे पेशी. आणि मामांच्या फ्लास्कमध्ये कोट्यवधी. तुम्हाला सांगते, मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

अर्थात विल्डियर्सचं म्हणणं लगेच कुणी मान्य केलं असं नाही. पुढची वीस वर्षं बायॉस आहे की नाही यावरच वाद चालला. काहींचं यीस्ट बायॉसशिवाय वाढत होतं, काहींचं नव्हतं. आज कारणं उघड आहेत. यीस्टच्या सगळ्या जाती आणि वाण सारखे नसतात. एखादा वाण जे स्वतः बनवू शकतो ते दुसऱ्याला आयतं लागतं. साखरेत, अमोनियाच्या क्षारात नकळत आलेली अशुद्धी पुरेशी ठरते. आणि प्रत्येकाचं विरजण वेगळं. बायॉस नाहीच असं ठासून सांगणारे लेख १९२१ पर्यंत येत होते. त्याच वर्षी प्राध्यापक इदे यांनी एका अमेरिकन मासिकात आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या शोधाची बाजू पुन्हा मांडली.

दरम्यान जग बदललं होतं. बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासातून १९१२ मध्ये कॅसिमिर फंक यांनी ‘व्हिटामिन’ हा शब्द दिला होता. अन्नात अगदी थोडं असणारं, पण नसलं तर जीव जाणारं असं काही असू शकतं, ही कल्पना आता डॉक्टरांच्या ओळखीची झाली होती. विल्डियर्सनं तेच अकरा वर्षं आधी एका बुरशीच्या बाबतीत सांगितलं होतं. माणसाच्या रोगाशी त्याचा संबंध दिसत नव्हता, म्हणून ते कोपऱ्यात पडून राहिलं.

हा संबंध ज्यानं जोडला त्याचा जन्म आपल्या देशातला आहे, हे सांगायला मला आवडतं. रॉजर विल्यम्स. आई-वडील अमेरिकन मिशनरी, जन्म १८९३ मध्ये ऊटीला. त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट, तोही भारतातच, नेल्लोरला जन्मलेला. रॉबर्टनं पुढे फिलिपिन्समध्ये बेरीबेरीनं मरणारी मुलं पाहिली आणि आयुष्य त्या एका जीवनसत्त्वाच्या मागे घालवलं. १९३६ मध्ये त्यानं ब-१ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवलं. धाकट्या रॉजरनं १९१९ मध्ये यीस्ट हाती धरलं. त्याचा विचार असा: अन्नातलं जीवनसत्त्व मोजायला कबुतरं किंवा उंदीर आठवडेच्या आठवडे पाळावे लागतात. बायॉस आणि हे जीवनसत्त्व एकच असेल, तर यीस्टच्या वाढीवरून हे काम एका दिवसात होईल. विचार हुशारीचा होता, पण गृहीत चुकीचं निघालं. ते एक नव्हते. मात्र ते का नाहीत हे शोधता शोधता तो पुढची वीस वर्षं यीस्टला चिकटून राहिला.

गोंधळाचं मूळ असं, की बायॉस हा एक पदार्थ नव्हताच. टोरांटो विद्यापीठात लॅश मिलर यांच्या प्रयोगशाळेनं १९२० च्या दशकात बायॉसचे दोन भाग वेगळे केले. एकटा कुठलाही भाग फारसा चालत नव्हता. दोन्ही एकत्र आले की यीस्ट वाढे. १९२८ मध्ये तिथल्या एडना ईस्टकॉट यांनी पहिल्या भागाची ओळख पटवली: इनॉसिटॉल. कच्चा माल होता चहा! रॉजर विल्यम्सनं १९३३ मध्ये आणखी एक घटक जाहीर केला. जिथे शोधावं तिथे, प्राण्यांत, वनस्पतींत, सगळीकडे तो सापडत होता, म्हणून ‘सगळीकडून’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला पँटोथेनिक आम्ल हे नाव मिळालं. आज जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ते ब-५ म्हणून छापलेलं असतं. ते सापडलं यीस्टच्या भुकेतून.

उरला सर्वांत दुर्मीळ घटक. तो शोधला हॉलंडमधल्या उत्रेख्त इथे फ्रिट्झ कोगल आणि त्यांचे सहकारी टोनिस यांनी. त्यांनी बदकांच्या अंड्यांचा वाळवलेला पिवळा बलक चीनहून आलेला घेतला, अडीचशे किलो. त्यावर एकामागून एक प्रक्रिया करत, दर टप्प्याला यीस्ट वाढतं का हे पाहत, १९३६ मध्ये त्यांच्या हाती शुद्ध स्फटिक आले. वजन १.१ मिलिग्रॅम. साखरेच्या एका दाण्याएवढं. बायॉसवरून त्यांनी नाव ठेवलं बायोटिन. एवढा छोटा पदार्थ हाताला लागला कसा, तर त्याला शोधणारी नाकं यीस्टची होती. द्रावणाच्या अब्जावधी भागांत एक भाग बायोटिन असलं तरी यीस्टला ते कळतं. त्या काळातल्या रसायनशास्त्राजवळ इतका नाजूक तराजू नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. याच कोगल यांच्या प्रयोगशाळेनं वनस्पतींच्या वाढीचे ‘ऑक्झिन-अ’ आणि ‘ऑक्झिन-ब’ नावाचे पदार्थही जाहीर केले होते. ते इतर कुणालाच पुन्हा मिळाले नाहीत. १९६६ मध्ये उत्रेख्तमध्येच जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांत भलतेच पदार्थ निघाले. म्हणजे त्याच भिंतींच्या आत, त्याच वर्षांत, एक शोध सोळा आणे खरा आणि दुसरा खोटा. ‘आम्हाला ते मिळत नाही’ ही तक्रार बायॉसच्या बाबतीत अन्यायाची होती, ऑक्झिन-अ च्या बाबतीत रास्त. बाहेरून दोन्ही तक्रारी अगदी सारख्याच दिसतात.

बायोटिनची पुढची कथा यीस्टच्या बाहेर जाते, म्हणून थोडक्यात. उंदरांना कच्च्या अंड्याचा पांढरा बलक सतत खायला घातला की त्यांची कातडी खराब होते, केस गळतात, हे मार्गारेट बोआस यांनी १९२७ मध्ये लंडनमध्ये पाहिलं होतं. पॉल ग्यॉर्गी यांनी त्यावर गुणकारी असलेल्या पदार्थाला जीवनसत्त्व ‘एच’ म्हटलं. १९४० मध्ये त्यांनी आणि व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी दाखवलं, की हे ‘एच’ म्हणजेच यीस्टचं बायोटिन. कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन बायोटिनला घट्ट पकडून ठेवतं, ही गोष्ट टेक्सासमध्ये रॉजर विल्यम्सच्याच प्रयोगशाळेतून पुढे आली. अंडं उकडलं की ती पकड सुटते. पिवळ्यात बायोटिनचा खजिना आणि पांढऱ्यात त्याला कोंडून ठेवणारा पहारेकरी, असं ते एकच अंडं.

आता पावाकडे येऊ. मित्रहो, तुमच्या मनात आलंच असेल, की हजारो वर्षं माणूस पाव भाजतोय, दारू गाळतोय. बायॉसची अडचण कुणालाच कशी आली नाही? गोव्याचा पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालायचा. त्या सुरेत यीस्टही असतं आणि त्याचं खाद्यही. गव्हाच्या पिठात, द्राक्षाच्या रसात, मोड आलेल्या बार्लीत हे सगळे घटक मुळातच असतात. ही भूक दिसायला द्रावण आधी उपाशी ठेवावं लागतं. ते पहिल्यांदा पाश्चर यांनी ठेवलं.

पावाचं यीस्ट कारखान्यात करू लागल्यावरही बराच काळ ते धान्याच्या रसातच वाढवत. पहिल्या महायुद्धात जर्मनीत धान्याचा तुटवडा पडला. तेव्हा धान्याऐवजी साखर कारखान्याची मळी आणि नायट्रोजनसाठी अमोनियाचे क्षार वापरून यीस्ट वाढवायची पद्धत जर्मनीत आणि डेन्मार्कमध्ये पुढे आली. मळी एकदम न ओतता, यीस्ट वाढेल तशी थोडीथोडी सोडायची आणि भरपूर हवा खेळवायची. जगभरचे यीस्ट कारखाने आजही मुळात याच रीतीनं चालतात. म्हणजे पाश्चर यांच्या त्या द्रावणाचाच, साखर अधिक अमोनिया अधिक क्षार याचाच, हा मोठा अवतार.

आणि म्हणून बायॉसचा जुना प्रश्नही टाकीत उतरला. युरोपात मळी बीटाची, आणि बीटाच्या मळीत बायोटिन फार कमी. यीस्ट सुरुवातीला नीट वाढतं, कारण आदल्या टाकीतून आलेल्या विरजणात शिदोरी असते. पण एका पेशीच्या दोन होतात तेव्हा शिदोरीही अर्धी होते. दहा पिढ्यांत तिचा हजारावा हिस्सा उरतो. कारखान्यात तर नळीतल्या थोड्याशा यीस्टपासून टप्प्याटप्प्यानं मोठ्या टाकीपर्यंत जायचं असतं. मग साखर शिल्लक, हवा शिल्लक, आणि वाढ मंदावलेली. नायट्रोजनसाठी स्वस्त म्हणून युरिया घातला तर अडचण आणखी वाढते, कारण युरिया फोडणारं यीस्टचं विकर बायोटिनशिवाय कामच करत नाही. कारखानदार पूर्वी अनुभवानं माल्टचे कोंब वगैरे टाकून निभावून नेत. बायोटिनची ओळख पटल्यावर कळलं की सोपा उपाय म्हणजे बीटाच्या मळीत काही हिस्सा उसाची मळी मिसळणं. उसाच्या मळीत बायोटिन कितीतरी पटींनी जास्त असतं. पुढे बायोटिन कृत्रिमरीत्या बनू लागलं आणि तेच मोजून घालणंही शक्य झालं. आपल्याकडे जवळजवळ सगळी साखर उसाची, त्यामुळे आपल्या यीस्टला ही उपासमार सहसा सोसावी लागत नाही. माझ्या वर्गाच्या खिडकीतून येणारा तो आंबूस-गोड वास! माझ्या फ्लास्कमध्ये जे नव्हतं, ते मैलभर अंतरावर टाक्यांतून भरून ठेवलेलं होतं.

ग्रंथालयातल्या त्या दुपारनंतर मी प्रात्यक्षिकाच्या पद्धतीत बदल केला. दर वर्षी विद्यार्थ्यांना तीन फ्लास्क देऊ लागले: एकात धुतलेल्या थोड्या पेशी, दुसऱ्यात त्याच पण भरपूर, तिसऱ्यात थोड्या पेशी आणि उकळलेल्या यीस्टचं पाणी. कारण आधी सांगायचं नाही. दर वर्षी पहिल्या फ्लास्कवाला विद्यार्थी दुसऱ्याकडे संशयानं बघायचा.

आमचे सर तोवर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते. मी त्यांना पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर. विल्डियर्सचा निबंध कुठल्या वर्षीचा, पान कुठलं, याची प्रत पाठव, असं त्यात होतं. खाली एक ओळ: ‘तुझ्या जर्नलवरचा शेरा मागे घेतो.’ मी ते कार्ड अजून ठेवलं आहे.

मामांना शोधायला वेळ लागला. गावापासून पंधरा-वीस मैलांवर त्यांचं घर होतं. मी गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी नाव सांगितलं, ओळख पटली. मग मी त्या फ्लास्कची गोष्ट काढली. तुम्ही खरं बोलत होता, चूक माझी होती, म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. फ्लास्क त्यांना आठवत नव्हता. सरांची बोलणी आठवत होती, पण ती कशावरून बसली हे आठवत नव्हतं. एखादं काचसामान फुटलं असेल, म्हणाले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, यीस्ट धुतलं होतं, पाचशे पेशी मोजल्या होत्या, तर मध्येच त्यांनी विचारलं, ‘ताई, तो ऑटोक्लेव्ह बदलला का हो? त्याच्या झाकणाचं रबर फार त्रास द्यायचं.’ बदलला, म्हणाले मी. मग आम्ही ऑटोक्लेव्हबद्दल बोलत बसलो.